तारखेसकट वाचायचे चित्र

दैनिकातल्या राजकीय व्यंगचित्रकाराला संध्याकाळपर्यंत चित्र द्यावेच लागते. या एका अटीतून त्याची सगळी कला आकाराला येते असे माझे मत आहे, आणि या पुस्तकातले लेख सलग वाचताना ते अधिकच पक्के झाले. कवीला थांबता येते. कादंबरीकार दहा वर्षे घेतो आणि कोणी काही म्हणत नाही. चित्रकार अर्धवट कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून देऊ शकतो. वर्तमानपत्रातल्या माणसाला ती मुभा नाही. सकाळी बातम्या वाचायच्या, दुपारपर्यंत त्यातली एक धरायची, तिच्यातली विसंगती हुडकायची, ती एका दृश्यात बसवायची, खाली एखादी ओळ लिहायची आणि रात्रपाळीचे उपसंपादक पान लावायला बसण्याआधी कागद त्यांच्या हाती द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात. आजारपण, घरची लग्नकार्ये, स्वतःचा उदास दिवस, यातले काहीही वाचकाला दिसता कामा नये.

मुंबईत या कामाला जशी जमीन मिळाली तशी देशात फार थोड्या शहरांत मिळाली. फोर्ट आणि बोरीबंदर भागात इंग्रजी-मराठी दैनिकांच्या कचेऱ्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या, आणि त्यांचे मराठी वाचक गिरगावात, दादरला, परळ-लालबागच्या चाळींत राहत होते. चाळीत एकच अंक चार बिऱ्हाडांत फिरे. गिरणीची पाळी करून आलेला माणूस अग्रलेख वाचेलच असे नाही, पण चित्रावर त्याची नजर थांबे. चित्रातला मंत्री कोण, हे त्याला नाकावरून आणि टोपीवरून कळे. पुढे गॅलरीत त्यावर वाद होई. इंग्रजी न येणाऱ्यालाही इंग्रजी वर्तमानपत्रातली ही एक गोष्ट वाचता येत असे. या वस्तीला राजकारण चित्ररूपात पाहण्याची सवय आधीपासूनच होती. गणेशोत्सवातले देखावे, चौकातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला आणि रंगवलेला मजकूर, सभांची भित्तिपत्रके ही सगळी तिच्या रोजच्या पाहण्यातली. दैनिकातल्या व्यंगचित्राला इथे तयार डोळा मिळाला.

या कहाणीच्या मध्यभागी एक कचेरी आहे : 'फ्री प्रेस जर्नल'ची. स्वामिनाथन सदानंद यांनी स्वातंत्र्यलढ्याच्या काळात उभे केलेले हे दैनिक. सरकारचा रोष, दंड, जप्ती हे सगळे त्याने सोसले होते. पगार यथातथाच, पण तरुणांना हात चालवायला मोकळीक, अशी त्या कचेरीची ख्याती होती. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे दोन तरुण व्यंगचित्रकार सहकारी म्हणून काम करत होते. एक म्हैसूरहून आलेला, रासीपुरम कृष्णस्वामी लक्ष्मण. दुसरा दादरचा, बाळ केशव ठाकरे. पहिल्याचा जन्म १९२१ चा, दुसऱ्याचा १९२६ चा. दोघांवर ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो याचा प्रभाव होता, आणि ब्रशवर दोघांची विलक्षण हुकमत होती. एका कचेरीतून निघालेल्या त्यांच्या वाटा इतक्या दूर गेल्या की दैनिकाची नोकरी माणसाला काय देते आणि त्याच्याकडून काय काढून घेते, हे समजून घ्यायला याहून चांगली उदाहरणे सापडणार नाहीत. म्हणून या प्रस्तावनेत मी बाकीच्यांपेक्षा या दोघांविषयी जास्त लिहिणार आहे.

लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. आवश्यक ती गुणवत्ता दिसत नाही, असे कारण देण्यात आले होते. ते म्हैसूरला परतले, बी.ए. झाले, मोठे बंधू आर. के. नारायण यांच्या कथांना चित्रे काढली, 'कोरवंजी' या कन्नड विनोदी मासिकात चित्रे दिली आणि अखेर मुंबईत आले. 'फ्री प्रेस'मध्ये ते फार काळ राहिले नाहीत. कम्युनिस्टांची टिंगल करू नये, असे मालकांनी सांगितल्यावर आपण नोकरी सोडली, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. तिथून ते व्हिक्टोरियात बसले आणि बोरीबंदरच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या इमारतीत गेले. तिथे वॉल्टर लांगहामर हे ऑस्ट्रियाहून आलेले चित्रकार कलाविभागाचे प्रमुख होते. त्यांनी या तरुणाची रेघ ओळखली. मग अर्धशतकाहून अधिक काळ लक्ष्मण त्याच दैनिकाचे राहिले.

१९५१ मध्ये त्यांचे एका स्तंभाचे छोटे चित्र 'यू सेड इट' या नावाने सुरू झाले. मराठी वाचकांनी ते 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये 'कसं बोललात!' या नावाने वाचले, आणि दादर-गिरगावातल्या अनेक घरांना लक्ष्मण परके वाटले नाहीत ते त्यामुळेच. त्या चौकटीतला चौकटीच्या कोटाचा, धोतर नेसलेला, टक्कल पडलेला, मिशांचा म्हातारा आता सगळ्यांना ठाऊक आहे. तो जन्मला कसा, हे मात्र पुरेसे सांगितले जात नाही. सुरुवातीच्या चित्रांत लक्ष्मण पार्श्वभूमीला सगळा देश उभा करत : बंगाली, तमिळ, पंजाबी, प्रत्येकाचा वेश वेगळा, ठेवण वेगळी. रोजच्या वेळेत एवढी माणसे काढणे अशक्य होऊ लागले. मग एकेक जण गळत गेला. गर्दी कमी होत होत शेवटी एकच माणूस उरला. भारतीय वर्तमानपत्रसृष्टीतली सर्वांत ओळखीची आकृती अशी वेळेच्या टंचाईतून आली. संध्याकाळची ती अट कलावंताच्या मुळावर येते, असे म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

आणि हा माणूस बोलत नाही. बायको बोलते, मंत्री बोलतात, फायली घेऊन धावणारे कारकून बोलतात. तो फक्त हजर असतो. मंत्र्याच्या बंगल्यात, विमानतळावर, खड्ड्याच्या काठावर, पुराच्या पाण्यात उभा राहून पाहतो. लक्ष्मण यांना हे फार लवकर उमगले होते की रोज येणाऱ्या पात्राने रोज मत दिले तर महिन्याभरात वाचक त्याला कंटाळतील. पाहणाऱ्या माणसाचा कंटाळा येत नाही, कारण त्याच्या जागी आपण उभे राहू शकतो. १९८८ मध्ये 'टाइम्स'ला दीडशे वर्षे झाली तेव्हा टपाल खात्याने काढलेल्या तिकिटावर तो आला. वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याचा पुतळा उभा आहे. खुद्द लक्ष्मण यांना १९८४ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि २००५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. तरीही मला त्यांच्या सन्मानांपेक्षा त्यांचे कावळे अधिक महत्त्वाचे वाटतात. कावळ्यांची त्यांनी आयुष्यभर मन लावून चित्रे काढली. एका पक्ष्याची मान किती तऱ्हांनी वळते हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले, त्यालाच पंतप्रधानांच्या खांद्याचा बाक एका फटक्यात पकडता येतो.

तो बाक, ते नाक, ती टोपी यांत राजकीय भाष्य असते. नेहरूंची टोपी लक्ष्मण यांनी उतरवली आणि टक्कल दाखवले. इंदिरा गांधींचे नाक वर्षागणिक लांब होत गेले. १९९० च्या रथयात्रेनंतर अडवाणींच्या डोक्यावर मुकुट चढला तो उतरलाच नाही. हे बदल एका दिवसाच्या चित्रात कळत नाहीत. रोज पाहणाऱ्या वाचकाला ते हळूहळू जाणवतात. दैनिकाच्या व्यंगचित्रकाराला नेत्याबरोबर म्हातारे होता येते, आणि ही संधी साप्ताहिकात किंवा दिवाळी अंकात मिळत नाही. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळातले एक चित्र पाहून नेहरूंनी स्वतः फोन केला आणि सही केलेली मोठी प्रत मागितली, ही आठवण लक्ष्मण सांगत. ज्याच्यावर वार झाला त्याने चित्र मागून घ्यावे, असाही एक काळ या देशात होता. तो काळ नेहरूंच्या स्वभावामुळे होता, आणि पहिल्या पानावरच्या त्या चौकटीला मिळालेल्या प्रतिष्ठेमुळेही होता.

तंत्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण नव्या वाचकाला ते कुठे पाहायला मिळणार नाही. त्या काळी चित्राचा ब्लॉक करावा लागे. कागदावरच्या चित्राचा फोटो काढून तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवत. मग पत्रा आम्लात टाकत. रेघ तेवढी उंच राही आणि भोवतालचे जस्त झिजून खोल जाई. तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या मजकुराशेजारी पानात बसवत. वर्तमानपत्राचा कागद भरड, शाई पसरणारी. दोन बारीक रेघा जवळ आल्या तर छापताना त्यांचा डाग होई, आणि करड्या छटा तर रेघेच्या ब्लॉकमध्ये उतरतच नसत. म्हणून काळ्या-पांढऱ्याचा ठाम तोल, जाडबारीक होत जाणारी ब्रशची ओढ आणि मोकळी सोडलेली जागा हे त्या पिढीचे व्याकरण बनले. ठाकरे आणि लक्ष्मण यांची मूळ चित्रे शेजारी ठेवून पाहिली तर दोघांचा स्वभाव त्या काळ्या शाईतच वेगळा दिसतो. लक्ष्मण यांच्या चित्रात तपशिलांची गजबज असते : टेबलावरची फाईल, भिंतीवरचे पोपडे, दाराआडून डोकावणारा शिपाई. ठाकरे यांच्या चित्रात आकृती मोठी येते, पार्श्वभूमी मागे हटते आणि ब्रशचा फटकारा सरळ चेहऱ्यावर जाऊन थांबतो. एक चित्र हळूहळू वाचायचे, दुसरे समोर येऊन उभे राहणारे.

बाळ ठाकरे यांना हा वारसा घरातून मिळाला. वडील प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे लेखक, पत्रकार, 'प्रबोधन'चे संपादक, समाजसुधारक, आणि स्वतः उत्तम चित्रे काढणारे. घरात छापखान्याची भाषा होती, वाद होते, आणि शब्द जपून वापरण्याची सवय अजिबात नव्हती. 'फ्री प्रेस'मध्ये नोकरी चालू असताना संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. पुढच्या काळात शंभराहून अधिक माणसे या लढ्यात गेली. गिरगाव, परळ, लालबाग या भागांनी सर्वांत जास्त सोसले. आचार्य अत्रे यांचे 'नवयुग' साप्ताहिक आणि १९५६ मध्ये सुरू झालेले दैनिक 'मराठा' या वस्तीचा आवाज झाले. 'नवयुग'मध्ये ठाकरे 'मावळा' या टोपणनावाने चित्रे काढू लागले. दिवसा इंग्रजी दैनिकाच्या टेबलावर स्वतःच्या नावाने, आणि मराठी वाचकासाठी दुसऱ्या नावाने. दोन भाषांचे दोन वाचक आणि मध्ये एक हात, ही त्या काळच्या मुंबईतल्या मराठी पत्रकाराची खरी स्थिती होती. त्या टोपणनावाच्या चित्रांवर या पुस्तकात स्वतंत्र लेख आहे आणि तो सावकाश वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

नोकरीत खटके उडणे अटळ होते. व्यंगचित्रकार कचेरीचा पगारी माणूस असतो आणि त्याच वेळी स्वतःच्या सहीने मत देणारा असतो. अग्रलेखाखाली सही नसते, चित्राखाली असते. मग संपादकाचे धोरण आणि चित्रकाराचे मत यांत अंतर पडले तर कोणाचे चालावे? डेव्हिड लो याने हा प्रश्न करारात सोडवला होता. लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'चे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक कट्टर हुजूरपक्षीय आणि लो डाव्या विचारांचा. तरी विषय कोणता घ्यायचा आणि कसा मांडायचा, याचे स्वातंत्र्य त्याने लेखी मिळवले होते. त्याच्या चित्रांनी हिटलर इतका चिडला की इंग्लंड जिंकल्यावर अटक करायच्या माणसांच्या नाझी यादीत लो याचे नाव होते. आपल्याकडे असा लेखी करार कोणी केला नाही. इथे सगळे संपादकाच्या भरवशावर चाले. भरवसा असेपर्यंत मोकळीक, तो संपला की राजीनामा. लक्ष्मण यांना 'टाइम्स'मध्ये तो भरवसा मिळाला आणि ते राहिले. ठाकरे यांना 'फ्री प्रेस'मध्ये तो पुरला नाही आणि त्यांनी स्वतःचे पत्र काढायचे ठरवले.

१३ ऑगस्ट १९६० ला दादरच्या बालमोहन विद्यामंदिरात मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते 'मार्मिक'चे प्रकाशन झाले. नाव प्रबोधनकारांनी सुचवलेले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन साडेतीन महिने झाले होते. रानडे रोडवरच्या ठाकऱ्यांच्या घरातून अंक निघू लागला. बाळ ठाकरे यांच्या सोबतीला धाकटे बंधू श्रीकांत ठाकरे होते. तेही व्यंगचित्रकार, शिवाय संगीतकार, आणि 'शुद्धनिषाद' या नावाने चित्रपट परीक्षणे लिहिणारे. मुखपृष्ठावर आणि मधल्या पानांत राजकीय चित्रे, तीही मराठीत, मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातल्या ओळींसह. लालबाग-परळला त्याचा अंक हातोहात जाई. पहिल्या काही वर्षांतला 'मार्मिक' मराठी व्यंगचित्रकलेतली फार मोठी घटना आहे, यात मला शंका नाही. त्याआधी शंकरराव किर्लोस्कर यांनी 'टाकांच्या फेकी'तून सामाजिक व्यंग मासिकात आणले होते. पण राजकीय चित्रासाठीच विकत घेतले जाणारे पत्र मराठीला 'मार्मिक'ने दिले.

पुढचा भाग टाळून चालणार नाही. 'मार्मिक'मध्ये कचेऱ्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली अमराठी, त्यातही दाक्षिणात्य नावे. पुढे मथळा 'वाचा आणि उठा' असा झाला. मुंबईतल्या मराठी तरुणाची नोकरीची अडचण खरी होती, त्याचा अपमानही खरा होता. पण मंत्र्याचे चित्र काढताना वार सत्तेवर होतो, आणि कारकुनाचे नाव छापताना वार शेजाऱ्यावर होतो. या दोन गोष्टींत मला मूलभूत फरक दिसतो आणि 'मार्मिक'ने तो फरक पुसला, असे मी स्पष्ट म्हणेन. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली, ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिली सभा झाली, आणि व्यंगचित्रकाराने कागद सोडून मैदान घेतले. नेत्यांना दिलेली टोपणनावे, नकला, एखाद्याची शारीरिक लकब पकडून मोठी करणे ही सगळी त्यांच्या भाषणातली हत्यारे व्यंगचित्रकाराच्या टेबलावर घडलेली होती. शरद पवारांना त्यांनी दिलेले 'मैद्याचे पोते' हे नाव म्हणजे शब्दांत काढलेले अर्कचित्र होते. कागदावर त्याला चारही बाजूंनी चौकट असते. मैदानात ती नसते. १९६९ च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून मुंबई पेटली. १९९१ मध्ये माहीमला 'महानगर' या सायंदैनिकाच्या कचेरीवर शिवसैनिकांनी हल्ला केला. एका व्यंगचित्रकाराच्या संघटनेने वर्तमानपत्राची कचेरी फोडावी, याचे दुःख मराठी पत्रकारितेने विसरू नये. रेषेचा इतका समर्थ कलावंत सत्तेच्या बाहेर राहून चित्रे काढत राहिला असता, तर भारतीय राजकीय व्यंगचित्राला काय मिळाले असते, हा विचार मनातून जात नाही. लक्ष्मण आणि ठाकरे यांची मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली. ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ ला गेले, लक्ष्मण २६ जानेवारी २०१५ ला.

मराठी दैनिकांविषयी एक तक्रार नोंदवतो. पूर्णवेळ व्यंगचित्रकार पगारावर ठेवायची रीत आपल्याकडे फारशी रुजली नाही. आपले थोर व्यंगचित्रकार दिवाळी अंकांत आणि मासिकांत वाढले. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत अभियंता म्हणून नोकरी करून 'ललित'ची मुखपृष्ठे काढत राहिले, आणि 'परकी चलन'सारख्या पुस्तकातून त्यांनी जगातले व्यंगचित्रकार मराठी वाचकाला समजावून दिले. शि. द. फडणीस यांनी शब्दावाचून हसवले. १९५१ पासून निघणाऱ्या 'आवाज'ने खिडकीचित्रांची परंपरा निर्माण केली. हे वैभव मोठेच आहे, पण ते रोजच्या राजकारणापासून दोन पावले दूर राहिले. रोजच्या रिंगणात उतरलेल्यांमध्ये विकास सबनीस यांचे नाव आदराने घ्यायला हवे. त्यांनी जवळजवळ पाच दशके चित्रे काढली. लक्ष्मण आणि ठाकरे या दोघांकडूनही ते शिकले आणि २०१९ मध्ये गेले. आज प्रशांत कुलकर्णी यांच्यासारखे कलावंत चित्रही काढतात आणि व्यंगचित्रावर सातत्याने लिहितातही. स्त्रिया मात्र दैनिकातल्या या खुर्चीवर जवळजवळ बसल्याच नाहीत. बेंगळुरूच्या माया कामथ हा ठळक अपवाद. ही उणीव कलेची नाही, कचेऱ्यांची आहे.

आता तारखेविषयी. दैनिकातले चित्र तारखेला बांधलेले असते, हे या पुस्तकातल्या प्रत्येक लेखामागचे सूत्र आहे. अबू अब्राहम यांचे प्रसिद्ध चित्र घ्या : राष्ट्रपती न्हाणीच्या टबात बसून वटहुकमावर सही करत आहेत आणि आणखी असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा, असे दारातल्या माणसाला म्हणत आहेत. १० डिसेंबर १९७५ च्या 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये ते छापून आले. ही तारीख काढून टाकली तर एक गमतीचे चित्र उरते. तारीख ठेवली की आणीबाणी उभी राहते, छपाईपूर्व सेन्सॉर उभा राहतो, आणि हे चित्र छापायला चित्रकाराला आणि संपादकाला किती धैर्य लागले असेल ते कळते. त्याच वर्षी 'शंकर्स वीकली' बंद पडले होते, हेही त्या तारखेशेजारी आठवायला हवे.

तारीख सुटली की काय होते, ते २०१२ मध्ये दिसले. 'शंकर्स वीकली'चे व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले, घटना तयार होण्याच्या मंद गतीवरचे चित्र एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात होते. चित्रात गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. साठ वर्षांनी ते नव्या डोळ्यांसमोर आले तेव्हा संसदेत गदारोळ झाला, चित्र काढून टाकण्यात आले आणि पाठ्यपुस्तकाच्या सल्लागारांपैकी एक असलेल्या सुहास पळशीकर यांच्या पुण्यातल्या कार्यालयावर हल्ला झाला. आंबेडकरी समाजाला त्या चित्रातला चाबूक खुपला, आणि तो का खुपला हे समजून घेणे आपले कर्तव्य आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानंतर ते चित्र तसे दिसणारच. पण १९४९ च्या त्या दिवसाची हकिगत, चित्रकाराचा रोख आणि बाबासाहेबांचे तेव्हाचे स्थान हे सगळे विद्यार्थ्यासमोर नीट मांडले गेले असते तर चर्चा झाली असती. हल्ल्याने चर्चाच संपली. त्याच वर्षी सप्टेंबरात असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे तो आरोप मागे घ्यावा लागला, आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम लावण्यावर मर्यादा घालणारा निकाल दिला. २०१६ मध्ये मराठा क्रांती मूक मोर्चांवर शब्दाची कोटी करणारे एक चित्र खुद्द शिवसेनेच्या 'सामना' या मुखपत्रात छापून आले, कार्यालयांवर दगडफेक झाली आणि पक्षप्रमुखांना माफी मागावी लागली. व्यंगचित्रकाराने स्थापलेल्या पत्रालाही चित्राची झळ चुकली नाही.

म्हणून वर्तमानपत्रांनी चित्रांपासून अंग काढून घेतले. जगभर हेच चालले आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका चित्रावरून उठलेल्या वादळानंतर जुलै २०१९ पासून आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रे बंद केली. आपल्याकडे एवढी घोषणाही कोणी करत नाही. चौकट लहान होते, आतल्या पानात जाते, आठवड्यातून दोनदा येते, मग जागा जाहिरातीला जाते. राज ठाकरे आपली चित्रे समाजमाध्यमांवर टाकतात, अनेक तरुणही तसेच करतात. त्यात काही चित्रे फार चांगली असतात. तिथे संपादक नाही, म्हणून अडवणारा नाही, हे खरे. पण पाठीशी उभा राहणाराही नाही. धमकी आली तर ती थेट घरी येते. संपादकाने चित्र नाकारणे आणि संपादकाने चित्रासाठी कोर्टात उभे राहणे ही एकाच नात्याची दोन अंगे होती, आणि ते नाते आता तुटले आहे. दैनिकाने व्यंगचित्रकाराला दिलेली खरी देणगी ते नाते होते, पगार नव्हे.

हे पुस्तक भाबडेपणाने जुन्या दिवसांचे गोडवे गात नाही, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटते. यात चित्रांसोबत त्या दिवशीची बातमी दिली आहे, अंकाची तारीख दिली आहे, आणि जिथे चित्र अन्यायकारक होते तिथे तसे म्हटले आहे. काही चित्रांत बायकांची, जातींची, भाषांची टवाळी आहे. ती झाकलेली नाही आणि तिचे समर्थनही केलेले नाही. आज पंचविशीत असलेल्या वाचकाने हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही. त्याने एखादे चित्र उघडावे, तारीख पाहावी, त्या आठवड्यात शहरात काय घडत होते ते वाचावे आणि मग पुन्हा चित्राकडे यावे.

आणि आता एक विनंती. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या जुन्या इमारती पाडून टॉवर होत आहेत. घर रिकामे करताना पोटमाळ्यावरचे गठ्ठे आधी रद्दीत जातात. त्यात 'मार्मिक'चे, 'नवयुग'चे, 'मराठा'चे अंक असतात, आणि कुणीतरी कापून वहीत चिकटवलेली 'कसं बोललात!'ची कात्रणे असतात. बरीचशी मूळ चित्रे तर छापून झाल्यावर कचेऱ्यांतच हरवली. म्हणून ही कात्रणे बऱ्याचदा एकमेव पुरावा असतात. तुमच्या घरी असे काही असेल तर ते रद्दीवाल्याला देण्याआधी एखाद्या ग्रंथालयाला दाखवा. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय जवळच आहे. आणि कात्रणावर तारीख लिहिलेली नसेल, पण तुम्हाला ती आठवत असेल, तर पेन्सिलीने मागे लिहून ठेवा.